मुलींच्या मंचाचं वर्ष आखताना आधी एसटीचं वेळापत्रक बघा

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या हायस्कूलमधला आठवी ते दहावीच्या साठेक मुलींचा किशोरी मंच यंदापासून त्यांच्याकडे आलाय, मुख्याध्यापकांना महिन्याला एक अशी वर्षाच्या उपक्रमांची यादी हवीय, पैसे जवळपास नाहीत आणि मुली काही केल्या तोंड उघडत नाहीत, तर बारा उपक्रम कुठले घ्यावेत. मी सिंधुदुर्गात किनारपट्टीच्या एका हायस्कूलला शिकवते, मुलींचा मंच बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, म्हणून जरा बैजवार लिहिते.

ताई, यादी काय, दिनविशेष बघून एका संध्याकाळी होईल. पण तुम्ही शेवटी जे लिहिलंय ना, मुली तोंड उघडत नाहीत, खरा प्रश्न तोच आहे. बारा कार्यक्रम घेतले तर काय होतं, बाहेरून कुणीतरी येतं, तासभर बोलतं, मुली सतरंजीवर बसून ऐकतात, आभार, चहा, फोटो, आणि मार्चमध्ये त्या मुली जूनइतक्याच गप्प. कोकण बोर्डाचा दहावीचा निकाल दरवर्षी राज्यात सगळ्यात वर असतो, त्यातही मुली पुढे, म्हणजे डोक्यानं त्या कुठेच कमी नाहीत. आपल्या बाबतीतली एखादी गोष्ट चारचौघांत मांडायची आणि पाठपुरावा करून ती करून घ्यायची, ही सवय मात्र त्यांना कुणी लावलेली नसते, घरी नाही आणि वर्गातही नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की वर्षात बारा कार्यक्रम नकोत, तीन कामं घ्या. पहिलं शाळा आणि शाळेची वाट, दुसरं स्वतःचं शरीर, तिसरं दहावीनंतर काय. बाकीचे दिनविशेष या तिघांत आपोआप बसतात.

काही गोष्टी अर्थात तुमच्या गावावर अवलंबून आहेत. शाळा बंदरपट्टीत आहे की वर घाटाच्या बाजूला, मुली चालत येतात की एसटीनं, तुमच्याकडची आशाताई आणि आरोग्यसेविका मुलींशी मोकळं बोलणाऱ्या आहेत का, गावात मोहल्ला असेल तर रमजान यंदा कधी येतोय, हे सगळं बघून महिने मागेपुढे करा. मी माझ्या शाळेवरून सांगतेय, तसंच्या तसं उचलू नका.

सगळ्यात आधी वेळ ठरवा. शाळा सुटल्यावर मंच घ्यायचाच नाही. आपल्या बहुतेक मुलींकडे अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास असतो, ती गाडी चुकली की पुढची तासा-दोन तासांनी, नाहीतर वडापला, म्हणजे खाजगी जीपला, पैसे मोजायचे, आणि पावसात काळोख लवकर पडतो. मग मुली बैठकीत शरीरानं असतात आणि कान गाडीच्या हॉर्नकडे. शिवाय जी मुलगी सगळ्यात लांबच्या वाडीतून येते तीच आधी उठून जाते, आणि मंचाची गरज बहुतेक वेळा तिलाच जास्त असते. मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकातली एक तासिका मागून घ्या, पंधरवड्यातून एक मिळाली तरी चालेल. आम्ही शनिवारची सकाळची शाळा असते त्यातली घेतो. बारा कार्यक्रमांच्या यादीपेक्षा ही एक तासिका कागदावर मंजूर करून घेणं महत्त्वाचं आहे, त्यासाठी थोडा हट्ट धरावा लागला तर धरा.

दुसरं म्हणजे पैसे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्याच दिवसांत इकडे भातलावणी आणि शाळेची वह्या-पुस्तकं, म्हणजे घरात हात सगळ्यात आखडलेला. त्या दोन महिन्यांत मुलींकडून वीस रुपयेसुद्धा वर्गणी काढू नका, ज्यांना देता येत नाहीत त्या सरळ मंचात यायच्या बंद होतात आणि कारण सांगत नाहीत. मी सांगतेय त्या कामांना पैसे लागतही नाहीत, जुनी कॅलेंडरं, स्केचपेन, एक वही, एक खोका, बस.

आता पहिलं काम, जून-जुलैचं. उद्घाटनबिद्घाटन ठेवू नका. पहिल्या बैठकीला मुलींना चार-चारच्या गटात शाळेत फिरवा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, पाणी आहे का, बादली-मग आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का, पावसाळी दिवसांत आत दिसतं का, खिडकीतून बाहेरचं कुणी बघू शकतं का. हे त्यांनीच बघायचं, त्यांनीच लिहायचं. आपण शिक्षक म्हणून रोज तिथून जात असतो तरी आपल्याला दिसत नाही ते मुलींना दिसतं, कारण वापरतात त्या. कडी मोडलेली असेल तर एक मुलगी आत आणि मैत्रीण बाहेर दार धरून, हे वर्षानुवर्षं चालतं आणि कुणी बोलत नाही.

त्याच्या पुढची बैठक वाटेच्या नकाशाची. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला प्रत्येकीनं घर ते शाळा वाट काढायची, वहाळ (ओढा) कुठे, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) कुठे, गाडीचा थांबा कुठे, आणि जिथं भीती वाटते तिथं लाल खूण. भीती कशाची ते लिहिलं तरी चालेल, नाही लिहिलं तरी चालेल. मी दरवर्षी बघते, जी मुलगी वर्गात हजेरी सोडून काही बोलत नाही तीसुद्धा नकाशा काढताना बोलायला लागते, कारण डोकं कागदात असतं आणि कुणी तिच्याकडे टक लावून बघत नसतं. पावसात साकवावरून जाणारं पाणी, काजूच्या बागेतला निर्मनुष्य पट्टा, कुत्रे, थांब्यावर बसणारं टोळकं, बंद पडलेला दिवा, सगळं निघतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, हे नकाशे भिंतीवर लावायचे नाहीत. कुठली मुलगी कुठल्या वेळेला कुठे एकटी असते हे त्यात लिहिलेलं असतं. ते तुमच्या कपाटात कुलपात राहतील. त्यांच्यावरून नावं वगळून वाडीवार एकच मोठा नकाशा मुलींनी बनवायचा, तो बाहेर दाखवायचा.

मग अर्ज. मराठीच्या पेपरला पत्रलेखन असतंच, तेच खरं करायचं. शाळेतल्या गोष्टींचा अर्ज मुख्याध्यापकांना, आणि तुमच्या शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असेल (२०२२ पासून प्रत्येक शाळेत असणं अपेक्षित आहे) तर तिच्या बैठकीत दोन मुलींनी जाऊन वाचायचा. दिवा, साकवाचा कठडा हे ग्रामपंचायतीला, गाडीची वेळ आगार व्यवस्थापकांना. आमच्या मुलींना मी पहिल्यांदा असा अर्ज लिहा म्हटलं तेव्हा एक म्हणाली, "मॅडम, आमका कोण इचारता?" तर विचारायला भाग पाडायची जागा आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, मुलींचा अर्ज एखाद्या आईच्या किंवा सदस्यबाईंच्या हातून तिथं मांडा, ठरावात घ्यायला लावा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, ही गोष्ट मुलींना माहीत असली की मागणी करताना आवाज बदलतो. आमच्याकडे थांब्यावर दिवा लागला, संध्याकाळच्या गाडीची वेळ दोनदा अर्ज केल्यावर जुळली, कठडा अजून लागलेला नाही. लागलेला नाही तर नाही, मुली दरवर्षी नव्या तारखेनं अर्ज देतात, आणि पोच घेतल्याशिवाय परत येत नाहीत. पोच घ्यायला शिकवा हो, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का, ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरं काम, शरीर. हे गणपतीच्या आधी सुरू करा, आणि त्याला खास आपल्याकडचं कारण आहे. गणपतीत पाळी येऊ नये म्हणून घराघरात गोळ्या घेतल्या जातात, आता आठवी-नववीच्या मुलींनाही मेडिकलमधून आणून देतात, कधी आई देते, कधी मुंबईहून आलेली काकी देते. या हार्मोनच्या गोळ्या आहेत, डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि काही जणींना तर त्या घेणं धोक्याचं असतं. हे मुलींना आणि आयांना सांगणारं माणूस आरोग्य केंद्रातलं हवं, कारण आपण सांगितलं तर "मॅडम धर्माच्या आड येतात" एवढंच ऐकू येतं. घरी शिवाशिव पाळायची की नाही यावर मी वाद घालत नाही, तो ज्या त्या घराचा निर्णय, आणि मुलीला घरी जाऊन भांडायला लावणं मला बरोबर वाटत नाही. पण गोळी, कोंदट ओला कपडा आणि पाळीत शाळा बुडवणं या तीन गोष्टींवर मी अजिबात मागे हटत नाही.

ओल्या कपड्याचं इतर ठिकाणच्या पुस्तकांत नीट सापडणार नाही. "कापड स्वच्छ धुवून उन्हात वाळवा" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही, वाळवायचं कुठे? मुली ते दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घालतात, ते दमटच राहतं, मग खाज, पुरळ. त्यामुळे पावसाळ्यापुरतं वेगळं सांगावं लागतं, दोन-तीन जादा जोड ठेवा, घट्ट पिळा, हवेशीर जागी पसरून टाका आणि वापरायच्या आधी इस्त्री फिरवा, पुरतं वाळल्याशिवाय वापरू नका. पॅड वापरणाऱ्यांना सांगायचं ते वेगळं, चार-सहा तासांनी बदलायचं. आता जी मुलगी सकाळी साडेसहाला घर सोडते आणि संध्याकाळी सहाला पोचते, तिला शाळेतच बदलावं लागणार, म्हणजे पुन्हा कडी, पाणी, पेटी. पहिलं काम आधी का घ्यायचं ते इथं कळतं.

प्रश्न विचारायला खोका ठेवा. प्रत्येकीनं चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी, नाहीतर कुणी टाकली ते सगळ्यांना दिसतं. चिठ्ठ्या तुम्ही आदल्या दिवशी वाचून आरोग्यसेविकेला द्या, म्हणजे त्या तयारीनं येतील.

निळी गोळी, म्हणजे आठवड्याची लोहाची. ती बऱ्याच मुली खिशात घालतात आणि वहाळात टाकतात, कारण मळमळतं. मळमळतं का, तर पोट रिकामं असतं. दुपारचं शाळेचं जेवण आठवीपर्यंतच, नववी-दहावीच्या मुली कोरा चहा पिऊन सातची गाडी पकडून आलेल्या असतात. गोळी सकाळी प्रार्थनेनंतर देऊ नका, मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर द्या, समोर घ्यायला लावा, आणि शौचाला काळी होते त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे आधीच सांगून ठेवा. जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह अंगाला लागत नाही, लिंबू किंवा आवळा चांगला. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा हिमोग्लोबिन बघून घ्यायचा आग्रह धरा, १२ च्या खाली असेल ती मुलगी पुढच्या तपासणीला पाठवायची. नाचणी, कुळीथ, टाकळा, शेवग्याचा पाला, तिसऱ्या, सुकट, आपल्या घरातलं खाणं मुळात चांगलं आहे, मुलींच्या ताटात किती पडतं हा प्रश्न आहे. एका आठवड्यात घरात कोण शेवटी जेवतं एवढं फक्त लिहून आणायला सांगा, त्यावर तुम्हाला भाषण करावं लागणार नाही.

याच बैठकांतून कधीतरी एखादी मुलगी मागे थांबते आणि म्हणते, "मॅडम, एक सांगू, कुणाला सांगणार नाही ना?" ताई, इथं "नाही सांगणार" असं वचन कधीही देऊ नका. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मी मुलीला म्हणते, "तुझ्या मदतीला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि तुला सांगून सांगेन." असं ऐकूनही मुली बोलतात, उलट त्यांना बरं वाटतं की कुणीतरी हे हातात घेतंय. तुम्ही चौकशी करत बसू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, तिचं नाव स्टाफरूममध्ये काढू नका, आणि गावातली माणसं "मिटवून घेऊ" म्हणायला आली तरी थांबू नका. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस, तातडीची मदत) हे नंबर स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवा, फलकावर लावले तर वाचताना कुणीतरी बघतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फार काही ठेवू नका. सहामाही परीक्षा, भातकापणी, दिवाळीची सुट्टी. ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन असतो, त्या दिवशी मुलींनी जूनपासूनच्या अर्जांचं काय झालं ते परिपाठात सगळ्या शाळेसमोर वाचायचं, पाच मिनिटं, मुलांनीही ऐकायचं. एका दिवसाचं कराटे शिबिर घेऊ नका, दोन ठोसे शिकून खोटा विश्वास येतो. रोजचा खो-खो, कबड्डी त्यापेक्षा चांगली, मैदान मुलींना आठवड्यातून दोन दिवस हक्काचं मिळवून द्या.

डिसेंबरात स्नेहसंमेलन. माझी आवडती गोष्ट सांगते, मुलींचा दशावतार बसवा. एरवी दशावतारात बायकांची कामंसुद्धा पुरुष करतात, इथं संकासुरापासून राजापर्यंत सगळ्या मुली. गावातले जुने कलाकार हौसेनं शिकवायला येतात, पेटी-मृदंगाला मिळतात. आणि त्यात लिहिलेलं पाठ नसतं, रंगमंचावर उभं राहून समोरच्याला तिथल्या तिथं उत्तर द्यायचं असतं, गप्प मुलींसाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. रत्नागिरीकडे तुम्हाला जाखडी हा तिकडचा लोकनाच जवळचा वाटेल, तो घ्या.

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. फोटोला हार आणि दोन भाषणं होतातच, ती होऊ देत. त्याबरोबर मुलींनी दिवाळीच्या सुट्टीत आजीला विचारून आणायचं, कितवीपर्यंत शिकलीस आणि का थांबलीस. मग आपल्या मातीतल्या बायका सांगा. देवरुखच्या दोन बहिणी, बाया कर्वे आणि पार्वतीबाई आठवले. बायांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला तर दापोलीजवळच्या मुरूडच्या, म्हणजे कर्व्यांच्या गावच्या, गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि पार्वतीबाई कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला काढलेल्या विधवांच्या आश्रमासाठी निधी गोळा करत अमेरिकेपर्यंत गेल्या. पुढे त्याच देवरुखात मावशी हळबे यांनी १९५४ मध्ये मातृमंदिरचं छोटं प्रसूतिगृह सुरू केलं. पुण्यातलं काही सांगितलं की मुली ऐकून घेतात, देवरुख म्हटलं की "आमची मावशी तिथंच दिली" असं कुणीतरी म्हणतंच. याच महिन्यात आयांना बोलवा, पण हळदीकुंकू म्हणून नको, नवरा नसलेल्या आया येत नाहीत आणि त्यांच्याच मुलींना आपली गरज असते. नुसतं तिळगूळ म्हणून बोलवा, सगळ्यांना.

त्या आयांसमोरच तिसरं काम काढायचं, दहावीनंतर काय. आपल्याकडे मुलगी नापास झाली म्हणून क्वचितच थांबते. अकरावीचं कॉलेज लांब, गाडीची वेळ नाही, दाखले वेळेत निघाले नाहीत, किंवा "मुंबईला काकांकडे जाऊन काहीतरी कर", अशी थांबते. म्हणून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल यांची तयारी दहावीच्या परीक्षेआधीच करायला लावा, निकालानंतर सेतूत, म्हणजे दाखले देणाऱ्या केंद्रात, रांगा असतात. आणि पालकांना हे ठासून सांगा, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "एवढी फी कुठून आणू" असं ज्या बापानं मनात धरून ठेवलंय त्याला हे माहीतच नसतं. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च मात्र राहतो, तेही लपवू नका. सहल काढायची असेल तर किल्ल्याबरोबर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ दाखवा, ज्या मुलीच्या घरी होडी आहे तिला मासळीत पदवी घेता येते हे बघूनच पटतं. आणि शाळेच्या माजी मुली बोलवा, मोठ्या पदावरच्याच असं नाही, नर्सिंगला आहे ती, आयटीआयला आहे ती.

८ मार्चचा मोठा कार्यक्रम आखू नका, दहावीची परीक्षा चालू असते, शाळा केंद्र असेल तर वर्गच मिळत नाहीत, आणि त्याच सुमाराला शिमगा. त्याऐवजी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दहावीचा निरोप समारंभ होतो तेव्हा, मंचाची वही नववीच्या मुलींच्या हाती द्या. त्यात अर्जांच्या पोच असतात, कुठलं काम झालं, कुठलं राहिलं ते असतं, पुढच्या जूनला कुठून सुरुवात करायची ते नववीच्या मुलीच तुम्हाला सांगतात.

मुलगे घ्यायचे का, असं तुम्ही विचारलेलं नाही पण पुढे कुणीतरी विचारेलच. नकाशा आणि चिठ्ठ्यांच्या बैठकीत नको. अर्जांच्या वाचनाला, आहाराच्या विषयाला, दहावीनंतरच्या माहितीला जरूर घ्या. थांब्यावरच्या टोळक्याबद्दल मुलींनी लिहिलेलं, नावं वगळून, आमच्याकडे एका सरांनी मुलांच्या वर्गात वाचलं होतं, त्याचा परिणाम बराच काळ दिसला.

मुख्याध्यापकांना यादी द्यायचीच आहे तर महिन्यांच्या नावानं द्या, जून-जुलै शाळा आणि वाट पाहणी, ऑगस्ट ग्रामसभा अर्ज, सप्टेंबर आरोग्य, ऑक्टोबर बालिका दिन, डिसेंबर दशावतार, जानेवारी आज्यांच्या मुलाखती आणि माता मेळावा, फेब्रुवारी हस्तांतरण. कागद भरतो. पुढच्या आठवड्यात फक्त तासिकेचं बोलून घ्या आणि गटांना शाळेत फिरवा, काय काय सापडलं ते इथं लिहा, ग्रामपंचायतीच्या अर्जाचा नमुना हवा असेल तर मी देते.